लाल बावटा आणि मतपेटी : इटलीची एक कहाणी

आमच्या धर्मग्रामात एक वयोवृद्ध काका आहेत. पंच्याऐंशीच्या घरात वय, तरी सकाळची मिस्सा सहसा चुकत नाही. तारुण्यात पहाटेची विरार लोकल पकडून ते परळच्या एका गिरणीत कामाला जात आणि तेथे लाल बावट्याच्या युनियनचे काम करीत. गेल्या निवडणुकीचे निकाल लागले त्या दिवशी मिस्सेनंतर ते संस्कारकक्षाच्या दाराशी आले आणि म्हणाले, "फादर, तुम्ही इतिहास शिकलेले आहात म्हणून विचारतो. गरिबांची बाजू घेणारे पक्ष गरिबांच्याच मतांनी का हरतात?" मी काही उत्तर देण्याआधीच त्यांनी दुसरी गोष्ट सांगितली. साठ-पासष्ट वर्षांपूर्वी, ते युनियनमध्ये आहेत एवढ्याच कारणास्तव, तेव्हाच्या एका धर्मगुरूंनी कुमसारात त्यांना पापक्षमा नाकारली होती. तीन महिने ते प्रभुभोजनाविना राहिले. ना त्यांनी युनियन सोडली, ना चर्च. पुढे दुसरे धर्मगुरू आले आणि प्रश्न आपोआप मिटला. "तुमच्यावर राग नाही," ते हसून म्हणाले, "पण उत्तर द्या."

त्यांच्या प्रश्नाचे उत्तर आपल्या देशापुरते द्यावयाचे तर प्रत्येक वाचक आपल्या पक्षाचा चष्मा लावून वाचील. म्हणून मी इटलीकडे वळतो. पश्चिम युरोपातील सर्वांत मोठा कम्युनिस्ट पक्ष तेथे होता, आणि तो ख्रिस्तसभेच्या अगदी अंगणात वाढला. जवळजवळ अर्धे शतक त्याने निवडणुका लढविल्या आणि राष्ट्रीय संसदेची एकही जिंकली नाही. शिवाय काकांच्या त्या तीन महिन्यांचे मूळही तेथेच आहे.

आपल्या मराठी मुलखाचा या भूमीशी एक जुना आणि रक्ताचा संबंध आहे. दुसऱ्या महायुद्धात मराठा लाइट इन्फन्ट्रीचे जवान इटलीत लढले. माणगावजवळच्या पळसगावचे यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी उत्तर तिबर खोऱ्यात धारातीर्थी पडले. नगर जिल्ह्याचे नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीच्या काठी जे शौर्य गाजविले त्यासाठी त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. घाडगे यांनाही तो मरणोत्तर मिळाला होता. हे दोन्ही प्रदेश, उंब्रिया आणि रोमान्या, युद्धानंतर इटलीच्या 'लाल पट्ट्या'त मोडू लागले. जर्मन सैन्याविरुद्ध डोंगरात लढलेल्या स्थानिक पथकांत कम्युनिस्ट आघाडीवर होते, आणि लोकांनी ते विसरावे असे काही कारण नव्हते.

पक्षाची स्थापना जानेवारी १९२१ मध्ये लिव्होर्नो येथे झाली. पुढच्याच वर्षी मुसोलिनी सत्तेवर आला. १९२६ मध्ये पक्षाचे नेते अंतोनियो ग्रामशी तुरुंगात गेले आणि १९३७ मध्ये, शरीर पुरते खंगल्यावर, मरण पावले. तुरुंगात लिहिलेल्या वह्यांत त्यांनी एक प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला आहे : इटलीचा शेतकरी धर्मगुरूचे ऐकतो, क्रांतिकारकाचे ऐकत नाही, असे का? त्याचे उत्तर त्यांनी धर्माची टवाळी करून दिले नाही, हे आपण ध्यानात घेतले पाहिजे. ख्रिस्तसभा पंडितांना आणि निरक्षरांना एकाच छत्राखाली धरून ठेवते, याचे त्यांना कौतुक होते. त्यांच्या नंतर नेतृत्व पाल्मिरो तोग्लियात्ती यांच्याकडे आले. मार्च १९४४ मध्ये ते मॉस्कोहून परतले. माणूस थंड डोक्याचा आणि धोरणी. क्रांतीची भाषा बाजूला ठेवून त्यांनी इतर पक्षांबरोबर सरकारात जागा घेतली. २५ मार्च १९४७ रोजी घटना समितीत व्हॅटिकनशी झालेल्या लातेरान कराराला घटनेत स्थान द्यावे की नाही यावर मतदान झाले, तेव्हा समाजवाद्यांनी विरोध केला, परंतु कम्युनिस्टांनी बाजूने मत दिले! धार्मिक तंट्यात इटलीचा कामगार दुभंगू नये, असे तोग्लियात्ती यांचे म्हणणे होते. यात तत्त्व किती आणि डावपेच किती, हे त्यांचे त्यांना ठाऊक.

२ जून १९४६ च्या निवडणुकीत इटलीतील स्त्रियांनी प्रथमच राष्ट्रीय पातळीवर मतदान केले. अल्चीदे दे गास्पेरी यांच्या ख्रिश्चन डेमोक्रॅट पक्षाला ३५.२ टक्के, समाजवाद्यांना २०.७ आणि कम्युनिस्टांना १८.९ टक्के मते मिळाली. दोन्ही डाव्या पक्षांची बेरीज केली तर जवळजवळ ४० टक्के, म्हणजे पहिल्या पक्षापेक्षाही अधिक. ही बेरीजच पुढे डाव्यांच्या मुळावर आली. मे १९४७ मध्ये दे गास्पेरी यांनी डाव्यांना सरकारातून वगळले, तेव्हा पिएत्रो नेन्नी यांचे समाजवादी आणि तोग्लियात्ती यांचे कम्युनिस्ट यांनी ठरविले की पुढची निवडणूक एकाच चिन्हावर, एकाच यादीने लढवावयाची. चिन्ह होते गारिबाल्दीचा चेहरा. राजकारणात दोन आणि दोन कधी चार होतात, कधी तीन. जानेवारी १९४७ मध्येच सारागात यांच्या नेतृत्वाखाली समाजवाद्यांचा एक गट कम्युनिस्टांची सोबत नको म्हणून वेगळा झाला होता. जे समाजवादी नेन्नींबरोबर राहिले त्यांच्यातही मनातून धास्तावलेले पुष्कळ होते.

तरीही १९४८ च्या फेब्रुवारीच्या मध्यास आघाडी विजयी होणार असेच चित्र होते. पेस्कारा नगरपालिका तिने जिंकली. आणि मग आठच दिवसांत प्राग! चेकोस्लोव्हाकियात कम्युनिस्टांनी संपूर्ण सत्ता हाती घेतली. १० मार्चला परराष्ट्रमंत्री यान मासारिक यांचा मृतदेह त्यांच्या निवासस्थानाच्या खिडकीखाली सापडला. इटलीतील मतदाराला कोणी समजावून सांगण्याची गरज उरली नाही. शहाणपण असे होते की तोग्लियात्ती यांनी प्रागच्या घटनेपासून अंग झटकून मोकळे व्हावे. ते त्यांनी केले नाही. पक्षाच्या वृत्तपत्राने तो जनतेचा विजय म्हणून साजरा केला. माझ्या मते निवडणूक येथेच हरली गेली. बाकीचे पुढचे सात आठवडे हा नुसता गोंगाट होता.

पण तो गोंगाट कमी नव्हता, आणि त्यात आपला वाटा मोठा होता. पोप बारावे पायस यांच्या प्रोत्साहनाने डॉ. लुइजी जेद्दा यांनी 'नागरी समित्या' स्थापन केल्या आणि पाहता पाहता देशभरच्या धर्मग्रामांत त्यांचे जाळे पसरले. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांना खुर्चीत बसवून मतदानाला नेण्यात आले. मठाची चौकट न ओलांडणाऱ्या व्रतस्थ भगिनीही त्या दिवशी बाहेर पडल्या. मारियामातेच्या मूर्ती गावोगाव मिरवल्या जात होत्या. एका भित्तिपत्रकावर गारिबाल्दीचे मुखवट्यासारखे चित्र उलटे धरले की स्टालिन दिसे. मतदानाच्या आडोशात देव तुम्हांला पाहतो, स्टालिन पाहत नाही, ही गाजलेली घोषणा 'डॉन कामिल्लो'चे जनक जोव्हान्नीनो ग्वारेस्की यांच्या नावावर सांगतात. अमेरिकेतील इटालियन वंशाच्या कुटुंबांनी आपल्या नातलगांना लाखो पत्रे धाडली. कम्युनिस्ट जिंकले तर मदत बंद, असे अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री मार्शल यांनी उघड सांगितले. गुप्तहेर खात्याचा पैसा आला, हे त्या खात्यातील माणसांनीच पुढे कबूल केले. कम्युनिस्टांनाही मॉस्कोचा पैसा मिळत असे आणि तेही पुढे कागदोपत्री सिद्ध झाले, म्हणून पैशाच्या बाबतीत कोणी कोणाला बोट दाखवू नये.

१८ एप्रिल १९४८, रविवार. ९२ टक्के मतदान झाले. ख्रिश्चन डेमोक्रॅट ४८.५ टक्के आणि ५७४ पैकी ३०५ जागा. आघाडी ३१ टक्के आणि १८३ जागा. दोन वर्षांपूर्वीच्या चाळिसांतले नऊ टक्के गळाले. सात टक्के तर सारागात यांच्या फुटीर समाजवाद्यांकडेच गेले. नेन्नींच्या समाजवाद्यांची अवस्था सर्वांत केविलवाणी झाली : १९४६ मध्ये त्यांचे ११५ प्रतिनिधी होते, आता आघाडीच्या वाट्यातले पन्नासच्या आसपास उरले. संघटित कम्युनिस्टांनी पसंतीची मते आपल्याच उमेदवारांकडे वळविली होती. मित्राचा हात धरून नदीत उतरावे आणि मित्राने खांद्यावर पाय देऊन काठ गाठावा, तसा हा प्रकार.

'चर्चने आणि डॉलरने हरविले' हे डाव्यांचे ठरलेले स्पष्टीकरण. ते खोटे नाही. पण तेवढेच खरे असते तर सबंध इटलीत सारखाच निकाल लागला असता. तसा तो लागला नाही. तेच धर्मगुरू, तोच पोप, तीच पत्रे, आणि तरी एमिलिया-रोमान्यात निम्म्याच्या आसपास मते आघाडीला मिळाली, तर शेजारच्या व्हेनेतो प्रांतात ख्रिश्चन डेमोक्रॅट साठ टक्क्यांवर गेले. हा फरक कशाने पडला?

व्हेनेतोत १८९१ च्या 'रेरुम नोव्हारुम' या परिपत्रानंतर धर्मगुरूंनी खेडोपाडी ग्रामीण पतपेढ्या, सहकारी दूध संस्था, पीक विम्याची मंडळे काढली होती. सावकाराच्या दारी जाणारा शेतकरी रेक्टरीच्या दारी येऊ लागला होता. आपल्या वसईकरांना हे वेगळे समजावून सांगायला नको. १९१८ साली मोन्सिन्योर पी. जे. मोनीस यांनी बॅसीन कॅथॉलिक सहकारी बँकेचे रोप लावले ते याच वाऱ्याने. ज्या गावात अडीअडचणीला धावून येणारे कोणीतरी आधीच होते, तेथे लाल बावट्याला उभे राहायला जागाच नव्हती. उलट एमिलियात बटाईने शेती करणाऱ्या कुळांच्या संघटना, सहकारी भांडारे, मजुरांच्या सोसायट्या समाजवाद्यांनी त्याच काळात उभ्या केल्या होत्या, फॅसिस्टांनी त्या जाळल्या होत्या आणि युद्धानंतर लोकांनी त्या पुन्हा उभारल्या. रेज्जो एमिलियाजवळच्या एका खेड्यात १९४५ च्या वसंतात लोकांनी जर्मनांनी टाकून दिलेला एक रणगाडा, काही ट्रक आणि घोडे विकले, आणि त्या पैशातून मुलांसाठी बालशाळा बांधली. पुढे जगप्रसिद्ध झालेल्या रेज्जो एमिलियाच्या बालशाळांची ही सुरुवात. अशा गावात कोणी येऊन सांगितले की कम्युनिस्ट म्हणजे सैतान, तर आई म्हणणार, माझे मूल तर त्यांच्याच शाळेत जाते.

दक्षिणेची कथा निराळी. तेथे प्रचंड जमीनदाऱ्या, भूमिहीन मजूर, डाव्यांना खरे तर सुपीक रान. २० एप्रिल १९४७ ला सिसिलीच्या प्रांतिक निवडणुकीत डावी आघाडी ३० टक्के मते घेऊन पहिली आली होती. अकराच दिवसांनी, १ मे रोजी, पोर्तेल्ला देल्ला जिनेस्त्रा येथे कामगार दिनासाठी बायकामुलांसह जमलेल्या शेतकऱ्यांवर साल्व्हातोरे जुलियानो याच्या टोळीने डोंगरावरून गोळ्या झाडल्या. अकरा माणसे ठार झाली. त्यामागचे हात कोणाचे, हा वाद अद्याप मिटलेला नाही. वर्षभराने तेथेच आघाडीची मते बरीच घटली आणि ख्रिश्चन डेमोक्रॅटांची दुपटीहून वाढली. भीतीने दिलेल्या मतालाही मतपेटीत तेवढेच मोल असते. पुढे १९५० मध्ये दे गास्पेरी सरकारने जमीन सुधारणेचे कायदे केले आणि सुमारे सात लाख हेक्टर जमीन वाटली. कम्युनिस्टांनी अपुरा म्हणून त्या कायद्याला विरोध केला. तो अपुरा होताच. पण ज्याच्या हाती सातबारा पडला त्या माणसाला विरोधी मताची बारीक कारणे कोण सांगणार? जमिनीसाठी मार कम्युनिस्टांनी खाल्ला आणि जमिनीचे मत दुसऱ्याने नेले.

आता आपल्या घराकडे वळू. १ जुलै १९४९ रोजी व्हॅटिकनच्या 'होली ऑफिस'ने आज्ञापत्र काढले. कम्युनिस्ट पक्षाचे सभासद होणे, त्याला साहाय्य करणे, त्याची पत्रे वाचणे निषिद्ध; जाणूनबुजून असे करणाऱ्यास संस्कार मिळणार नाहीत; आणि त्याच्या जडवादी तत्त्वज्ञानाचा पुरस्कार करणारा धर्मबहिष्कृत. पूर्व युरोपात बिशपांना तुरुंगात टाकले जात होते. त्याच वर्षी फेब्रुवारीत हंगेरीचे कार्डिनल मिंझेंटी यांना जन्मठेप झाली होती. त्या पार्श्वभूमीवर हे पत्र समजून घेता येते. परंतु निवडणुकीच्या हिशोबात त्याचा परिणाम काय झाला? १९५३ मध्ये कम्युनिस्टांना एकट्याने २२.६ टक्के, १९५८ मध्ये, हंगेरीतील उठाव रशियन रणगाड्यांनी चिरडल्यानंतरही, २२.७ टक्के, १९६३ मध्ये २५.३ आणि १९६८ मध्ये २६.९ टक्के मते मिळाली. बहिष्काराने मत कमी झाले नाही. माणसे मात्र दुरावली. आमच्या काकांचे तीन महिने याच आज्ञापत्राच्या सावलीत गेले, आणि त्यांना तर जडवादाचा अर्थसुद्धा ठाऊक नव्हता. त्यांना महागाई भत्ता ठाऊक होता.

हे दुरावणे ज्याला सर्वांत आधी टोचले तो एक पंचविशीतला साहाय्यक धर्मगुरू होता. लोरेन्झो मिलानी, फ्लॉरेन्सच्या सुखवस्तू घरातला, १९४७ मध्ये दीक्षित झालेला. कालेन्झानो येथील सान दोनातो धर्मग्रामात त्याने गिरणी-कारखान्यांतील पोरांसाठी रात्रीची शाळा काढली आणि कम्युनिस्ट घरची पोरे बिचकू नयेत म्हणून वर्गातील क्रूस काढून ठेवला. १९५० मध्ये एका तरुण कम्युनिस्टाला त्याने लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. त्याचा आशय असा : अठरा एप्रिलला मी जिंकलो तो माझा पराभव होता, श्रीमंतांविरुद्धच्या लढ्यात मी तुझ्या बाजूला उभा राहीन, पण ज्या दिवशी तू जिंकशील आणि श्रीमंताच्या वाड्यात शिरशील त्या दिवशी मी तुला सोडून माझ्या प्रभूकडे, दुसऱ्या गरिबांकडे परतेन. त्याचे 'पाळकीय अनुभव' हे पुस्तक १९५८ मध्ये होली ऑफिसने विक्रीतून मागे घ्यायला लावले. तोवर त्याला बार्बियाना नावाच्या डोंगरावरील इवल्याशा धर्मग्रामात पाठविण्यात आले होते. तेथेही त्याने शाळा काढली. १९६७ मध्ये चव्वेचाळिसाव्या वर्षी तो वारला. त्याच्या कबरीवर प्रार्थना करण्यासाठी पोप फ्रान्सिस २०१७ मध्ये बार्बियानाला गेले. पन्नास वर्षे लागली, पण गेले.

दुसरा प्रसंग बोलोन्याचा. तेथे १९४५ पासून ज्युझेप्पे दोत्झा हे कम्युनिस्ट महापौर होते आणि कार्डिनल जाकोमो लेर्कारो हे आर्चबिशप. कार्डिनलांनी 'लाल' शहर परत मिळविण्याचा चंगच बांधला होता. १९५६ च्या नगरपालिका निवडणुकीत त्यांनी ज्युझेप्पे दोस्सेत्ती या अत्यंत विद्वान व निःस्पृह गृहस्थाला, जे राजकारण सोडून गेले होते, आज्ञापालनाच्या बळावर दोत्झांविरुद्ध उभे केले. दोस्सेत्ती हरले. प्रचारासाठी त्यांनी शहराचा बारकाईने अभ्यास केला होता आणि वॉर्डावॉर्डांत नागरिकांच्या सभा असाव्यात अशी योजना मांडली होती. विजयी कम्युनिस्टांनी पुढे ती योजना उचलून अमलात आणली! दोस्सेत्ती १९५९ मध्ये धर्मगुरू झाले आणि दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत लेर्कारोंचे साहाय्यक म्हणून गेले. परिषदेहून परतलेल्या कार्डिनलांना नोव्हेंबर १९६६ मध्ये त्याच कम्युनिस्ट नगरपालिकेने सन्माननीय नागरिकत्व दिले आणि त्यांनी ते स्वीकारले. १९६८ च्या आरंभी व्हिएतनामवरील बॉम्बवर्षावाविरुद्ध प्रवचन झाले आणि लगोलग त्यांना आर्चबिशपपदावरून निवृत्त व्हावे लागले. सेमिनरीत ख्रिस्तसभेचा इतिहास शिकताना हे प्रकरण आम्हांला दोन ओळींत उरकण्यात आले होते. असो.

पोप तेविसावे जॉन यांनी ११ एप्रिल १९६३ रोजी 'पाचेम इन तेर्रिस' प्रसिद्ध केले. चुकीचे तत्त्वज्ञान वेगळे आणि त्यातून जन्मलेल्या पण काळाप्रमाणे बदलणाऱ्या चळवळी वेगळ्या, असा भेद त्यांनी केला. महिनाभर आधी त्यांनी क्रुश्चेव्ह यांची मुलगी व जावई यांना भेट दिली होती. २८ एप्रिलच्या निवडणुकीत कम्युनिस्टांची सुमारे दहा लाख मते वाढली, तेव्हा उजव्या वृत्तपत्रांनी खापर थेट पोपमहोदयांवर फोडले. ते म्हातारे पोप तेव्हा कर्करोगाने मरणपंथाला लागले होते.

(येथे वाचकांना केरळ आठवेल. तेथे १९५७ मध्ये कम्युनिस्टांनी ३५ टक्के मतांवर ६० जागा जिंकून सरकार बनविले. शिक्षण विधेयकावरून ख्रिस्तसभा आणि नायर समाज रस्त्यावर उतरला, जुलै १९५९ मध्ये सरकार बरखास्त झाले, आणि १९६० मध्ये कम्युनिस्टांची मते ३९ टक्क्यांपर्यंत वाढूनही जागा २९ वर आल्या, कारण समोरचे सारे एकत्र आले होते. तेथेही पुढची गोष्ट निराळीच घडली. ती स्वतंत्र लेखाचा विषय आहे.)

डावे सर्वांत जवळ पोहोचले ते १९७६ मध्ये. एन्रिको बेर्लिंग्वेर हा सार्दिनियाचा मितभाषी नेता. पत्नी नियमित मिस्सेला जाणारी, स्वतः नास्तिक, राहणी साधी. १९७३ मध्ये चिलीत आयेंदे यांचे सरकार लष्कराने उलथविले, त्यावरून त्यांनी धडा घेतला की एक्कावन्न टक्क्यांवर राज्य करता येत नाही. कॅथॉलिक जनतेबरोबर 'ऐतिहासिक तडजोड' केली पाहिजे. १९७४ च्या सार्वमतात घटस्फोटाचा कायदा टिकावा असे ५९ टक्के लोकांनी सांगितले, तेव्हा ख्रिस्तसभेचा शब्द आता अंतिम नाही हे उघड झाले. निवडणुकीच्या तोंडावर बेर्लिंग्वेर यांनी एका मुलाखतीत सांगितले की नाटो कराराच्या छत्राखाली मला अधिक सुरक्षित वाटते. प्रागच्या वेळी जे सांगायला हवे होते ते अठ्ठावीस वर्षांनी सांगितले गेले. मते मिळाली ३४.४ टक्के. पण ख्रिश्चन डेमोक्रॅटांना ३८.७. कम्युनिस्ट पुढे जाणार या धास्तीने, पक्षाला मनापासून कंटाळलेले मतदारसुद्धा नाक मुठीत धरून त्याच्याकडे परतले.

यानंतर जे घडले ते मला १९४८ हून अधिक उद्बोधक वाटते. पक्षाने आंद्रेओत्ती यांच्या सरकारला बाहेरून आधार दिला. मंत्रिपद एकही नाही. महागाई आणि बेकारी वाढत होती आणि बेर्लिंग्वेर कामगारांना काटकसर शिकवीत होते. १६ मार्च १९७८ ला या समझोत्याचे दुसरे शिल्पकार आल्दो मोरो यांना 'लाल ब्रिगेड'ने पळविले आणि ९ मे रोजी त्यांचा देह रोममध्ये एका मोटारीत सापडला. पोप सहावे पॉल यांनी या आपल्या जुन्या मित्रासाठी अतिरेक्यांना स्वहस्ते पत्र लिहिले होते. कम्युनिस्ट पक्षाने या काळात अतिरेक्यांविरुद्ध ठाम भूमिका घेतली. पण राज्य चालविण्याचे श्रेय न मिळता त्याचा दोष तेवढा मिळाला. १९७९ मध्ये मते ३०.४ टक्क्यांवर आली, पंधरा लाख मतदार गेले. ज्यांनी बदलासाठी मत दिले होते त्यांना बदल दिसला नाही, आणि ज्यांना बदलाची भीती होती त्यांची भीती गेली नाही.

दरम्यान पक्षाच्या पायाखालची जमीनच सरकत होती. १९५१ मध्ये काम करणाऱ्या दहांपैकी चार इटालियन शेतीवर होते. १९८० च्या सुमारास जेमतेम एक-दीड. ऑक्टोबर १९८० मध्ये तुरीनच्या फिआट कारखान्यातील पस्तीस दिवसांचा संप मोडला तो पोलिसांनी नव्हे. मुकादम, कारकून आणि तंत्रज्ञ असे हजारो लोक, आम्हांला कामावर जायचे आहे म्हणत, १४ तारखेला रस्त्यावर उतरले. इतिहासात तो 'चाळीस हजारांचा मोर्चा' म्हणून नोंदला गेला. पक्ष ज्यांना आपले समजत होता त्यांतलेच ते होते. काकांना हे वाचून दाखविले तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले. १९८२ चा गिरणी संप त्यांनी पाहिला आहे.

जून १९८४ मध्ये पादुआ येथे भाषण करता करता बेर्लिंग्वेर यांना मेंदूचा झटका आला. ते ११ जूनला गेले. रोममध्ये अंत्ययात्रेला दहा लाखांहून अधिक लोक लोटले. त्यांच्या कडव्या विरोधकांनी येऊन शवपेटीपुढे मान झुकविली. सहाच दिवसांनी युरोपीय संसदेची निवडणूक होती. त्यात कम्युनिस्टांना ३३.३ टक्के आणि ख्रिश्चन डेमोक्रॅटांना ३३.० टक्के मते मिळाली. देशव्यापी निवडणुकीत पक्ष पहिला आला तो या एकदाच, आणि तोही मृताला वाहिलेल्या मतांनी. १९८७ मध्ये तो २६.६ वर उतरला. बर्लिनची भिंत पडल्यावर तीनच दिवसांनी, १२ नोव्हेंबर १९८९ रोजी, सरचिटणीस ओक्केत्तो यांनी नाव बदलण्याचा विषय काढला, आणि फेब्रुवारी १९९१ मध्ये रिमिनीच्या अधिवेशनात सत्तर वर्षांचा पक्ष विसर्जित झाला. नव्या नावाने १९९२ मध्ये १६ टक्के मिळाले. जिंकणारेही फार काळ राहिले नाहीत : लाचलुचपतीच्या खटल्यांनी पोखरलेला ख्रिश्चन डेमोक्रॅट पक्ष जानेवारी १९९४ मध्ये संपला. समोरचा शत्रू गेल्यावर त्याला मत देण्याचे मुख्य कारणही गेले होते.

बोलोन्याचे मात्र राहिले. तेथे नाव बदलले तरी महापौर डाव्यांचाच निवडून येत होता, १९४५ पासून अखंड. जून १९९९ मध्ये तेथेही ते हरले. पोपनी काही सांगितले नव्हते, अमेरिकेतून पत्रे आली नव्हती, रणगाडे कोठे निघाले नव्हते. उमेदवार कोण यावरून पक्षातच भांडणे झाली होती आणि शहर आपलेच आहे या समजुतीत कार्यकर्ते दारोदार फिरले नव्हते. निवडून आलेले जॉर्जो ग्वात्झालोका हे पेशाने खाटीक. पाच वर्षांनी, २००४ मध्ये, डाव्यांनी शहर परत मिळविले ते सेर्जो कोफेराती यांना उमेदवारी देऊन. ते मोठ्या कामगार संघटनेचे माजी सरचिटणीस होते. काकांना या सगळ्या कहाणीतले हे शेवटचे वाक्य तेवढे मनापासून आवडले. "युनियनवाला ना?" त्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली.